गडी की कूळ

मी गाव सोडलं त्या दिवशी माझी पत्र्याची ट्रंक बाच्या डोक्यावर होती. दिवेआगराहून बोर्ली पंचतन आणि तिथून डोंगराच्या अंगाने दिघी, एवढी सगळी वाट तो पुढे आणि मी मागे असे चाललो. ट्रंकेत जड असं काहीच नव्हतं. दोन सदरे, एक पंचा, सातवी पास झाल्याचा दाखला आणि आईने फडक्यात बांधून दिलेले तांदळाचे लाडू. तरी ती तो मला उचलू देईना. "मुंबईला जातोस. घामानं भिजून कसा जाशील?" एवढंच म्हणाला आणि पुढे चालू लागला. माझ्या अंगात वाडीचे मालक अप्पा यांच्या मुलाचा जुना पण इस्त्री केलेला शर्ट होता. बाच्या कमरेला गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर आणि खांद्यावर कांबळं, बाकी अंग उघडं.

बोट खाडीत लांब उभी होती. तिच्यापर्यंत पडावातून जायचं होतं. धक्क्यावर एक कोटटोपी घातलेले गृहस्थ आपल्या वळकटीशेजारी उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाच्याकडे, आणि मला विचारलं, "काय रे, तुझा गडी माझी वळकटी पडावात ठेवील का?"

मी काही बोलायच्या आत बा म्हणाला, "ठेवतो की, साहेब. द्या."

त्याने माझी ट्रंक ठेवली, त्यांची वळकटी ठेवली, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पडाव सुटला. बाने हात वर केला नाही. हात वर करायची आमच्यात रीत नव्हती. तो नुसता उभा होता. गृहस्थ म्हणाले, "चांगला आहे गडी. घरचाच का?"

"हो," मी म्हटलं, "घरचाच."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच त्याच्याबद्दल मला पुढे कुणाची माफीसुद्धा मागता आली नाही.

हबसाणातली, म्हणजे जंजिरा संस्थानातली, नबाबी जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मी सतरा वर्षांचा होतो. आज हे लिहितोय ते गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे त्या बोटीत बसून निघाले त्यांच्यासाठीही. तुमच्यापैकी कित्येकांना आमची हकीकत अर्धीमुर्धी ठाऊक आहे. लखूने, म्हणजे माझ्या बाने, हातातली वाडी घालवली, असं तुम्ही म्हणता. ते कसं झालं ते माझ्यासमोर झालं. मी तिथे होतो आणि मला ते थांबवता आलं नाही.

अप्पांची वाडी समुद्राला लागून होती. सुरूची झाडं संपली की वाळूची पुळण, आणि पुळणीच्या अलीकडे त्यांचं कुंपण. आत पोफळी, त्यांच्यामध्ये माड, कडेला केळी. वाडीच्या मागच्या कोपऱ्यात आमचं माडाच्या झापांचं घर. माझा आजा तिथे राहायला आला तेव्हा अर्ध्या वाडीत नुसती वाळू होती असं आई सांगायची. आज्याने आणि बाने डोक्यावरून माती आणून टाकली, आळी केली, रोपं लावली. रहाट हाकायचा बाने, पाटाचं पाणी फिरवायचं आईने. पोफळीवर चढून बा शेंड्याला झोका द्यायचा आणि खाली न उतरता दुसऱ्या झाडावर जायचा. सुपारी उतरली की अप्पा पडवीत बसून वाटे करायचे. चार वाटे त्यांचे, पाचवा आमचा. असंच आज्याच्या वेळेपासून चाललं होतं. त्यावर कधी कुणी काही लिहिलं नव्हतं, आणि कुणाला लिहावंसंही वाटलं नव्हतं.

गावात बाला सगळे 'अप्पांचा गडी' म्हणत. हा शब्द आमच्या बाजूला दिवसातून शंभरदा कानावर पडतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. हुतुतू खेळताना दोन्ही बाजूंचे सगळे गडीच. "घरात गडीमाणूस न्हाय" असं बायका म्हणतात तेव्हा तो घरचा कर्ता पुरुष. जिवाभावाच्या दोस्ताला "काय रं गड्या" म्हणून हाक मारतात. आणि बागायतदाराच्या घरी जो दिवस उगवल्यापासून राबतो, ज्याचा कान तुटलेला कप पडवीच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असतो, तोही गडीच.

बाच्या मनात या सगळ्या अर्थांची सरमिसळ झालेली होती. अप्पा आणि तो एकाच वयाचे. पोरवयात पुळणीवर हुतुतूचा डाव मांडला की भिडू वाटून घ्यायचे, आणि अप्पा पहिलं नाव बाचं घ्यायचे. भावांची नावं नंतर. बा हे मला किती वेळा सांगायचा त्याला मोजमाप नाही. "पयला गडी मी. त्यांचा सख्खा भाव उभा हाय, तरी पयला मी." पुढे अप्पांचे वडील वारले, अप्पा वाडीचे मालक झाले, बा रहाटावर गेला. खेळ संपला, शब्द तोच राहिला. आपण एका अर्थातून दुसऱ्या अर्थात कधी गेलो ते बाला कळलंच नाही, किंवा त्याने कळून घेतलं नाही.

आईचं तसं नव्हतं. ती दुसऱ्या गावची, तिला हुतुतूशी काही घेणंदेणं नव्हतं. "गड्याला पगार असतो," ती म्हणायची. "तुला कवा पगार व्हता? पीक आलं तर खाल्लं, न्हाय आलं तर उपाशी ऱ्हायलो. ह्याला गडी म्हनत्यात व्हय?" बा हसून उठून जायचा.

मला शाळेत अप्पांनीच घातलं. हेही सांगितलं पाहिजे, कारण ते सोडलं तर सगळी गोष्ट वाकडी होईल. त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं मला मिळायची, अडलेलं गणित अप्पा ओटीवर बसवून समजावून द्यायचे. मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाला माझ्यासाठी चिठ्ठीही त्यांनीच लिहून दिली. त्या चिठ्ठीवर मला फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात प्यूनची नोकरी लागली.

मुंबईत गिरगावातल्या गावकऱ्यांच्या खोलीत पथारी पडली. एका खोलीत आम्ही चौदा जण, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लावलेली. दिवसा ऑफिस, संध्याकाळी शाळा. ऑफिसात घंटी वाजली की उठायचं, पाण्याचा ग्लास न्यायचा, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ठेवायच्या. आमचे हेडक्लार्क म्हातारे, शिस्तीचे, पण मनाने चांगले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं, "हे बघ, मी तुझा सुपीरियर, तू माझा सबऑर्डिनेट. सबऑर्डिनेट म्हणजे कळलं का? हाताखालचा. वरच्याने सांगायचं, हाताखालच्याने करायचं. पण हाताखालच्यालाही रजा असते, पगार असतो, नोटीस दिल्याशिवाय त्याला काढता येत नाही." मला ते ऐकून बरंच वाटलं. माझ्या शब्दाला कडा होत्या. कुठपर्यंत हाताखाली आणि कुठून मोकळा, हे ठरलेलं होतं. बाच्या शब्दाला तशा कडा नव्हत्या.

मॅट्रिक झाल्यावर हेडक्लार्कनी मला टाइपरायटरवर बसवलं. कायद्याचे कागद टाइप करता करता शब्दांचं वजन मला कळू लागलं. एकेका शब्दासाठी माणसं वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होती. त्याच सुमारास कूळकायद्याची चर्चा सगळीकडे सुरू झाली. दुसऱ्याची जमीन जो कूळ म्हणून कसतो, ती त्याची होणार, असा त्याचा मुख्य अर्थ. गावाकडून खोलीवर येणारा प्रत्येक जण तेच बोलायचा. आणि मग आईने शाळेतल्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. बाला चौकशीची नोटीस आली होती. 'तू रजा काढून ये. ह्यांच्या हातून बोलणे व्हायचे नाही,' एवढाच मजकूर होता.

मी ते कार्ड हेडक्लार्कना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि मला समोर बसायला सांगितलं. ते पहिल्यांदाच.

"पगार होता की पिकात हिस्सा?"

"हिस्सा. पाचवा."

"मग ते गडी नव्हेत. मजुरीवर ठेवलेला नोकर वेगळा, पिकाचा वाटेकरी वेगळा. कायद्याने ते कूळ आहेत." मग म्हणाले, "मात्र कागद एकही नाही म्हणतोस. तेव्हा सगळं त्यांच्या तोंडावर आहे. मामलेदार विचारेल, तुम्ही कोण? त्यावर वडील काय म्हणतात, तेवढंच."

मी आठ दिवसांची रजा घेऊन गेलो. दिघीहून बोर्लीपर्यंत चालताना मनाशी एकच वाक्य घोकत होतो, जसं काही मलाच ते म्हणायचं होतं.

घरी पोचलो त्या संध्याकाळी अप्पांचं बोलावणं आलं. ते थकले होते. दम्याने छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. बा नेहमीप्रमाणे पायरीवर बसला, मी उभा राहिलो. अप्पांनी मला ओटीवर बसायला सांगितलं. मी बाच्या वर कसा बसणार? उभाच राहिलो.

"दत्तू, तू कायद्याच्या ऑफिसात आहेस," अप्पा म्हणाले. "तू काय सांगायला आलास ते मला माहीत आहे. मी तुला अडवणार नाही. लखू, तुला जे खरं वाटेल ते बोल. मी एवढंच विचारतो. कूळ म्हणजे परका माणूस. त्याच्याशी कागद करावा लागतो, पावत्या लागतात. तुझ्यामाझ्यात कधी कागद झाला का?"

"न्हाय," बा म्हणाला.

"का नाही झाला?"

मला म्हणायचं होतं, की कागद झाला नाही तो तुमच्या सोयीचा होता. पण ज्या माणसाने मला अपूर्णांक शिकवले त्याच्या ओटीसमोर उभं राहून ते वाक्य माझ्याने बोलवेना. आणि अप्पा लबाडी करत नव्हते. त्यांना खरोखरच लागलं होतं. वाडी जाण्यापेक्षा बाने आपल्याला परकं म्हणावं, हे त्यांना जास्त लागणार होतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं. आज खात्रीने सांगता येणार नाही.

पुढचे तीन दिवस मी बाची तयारी करून घेतली. तो आळ्यातलं तण काढायचा आणि मी मामलेदार व्हायचो.

"तुम्ही कोण?"

"लक्षुमन."

"नाव नाही, बा. तुम्ही ह्या वाडीचे कोण?"

"कूळ."

"मोबदला काय मिळतो?"

"पिकाचा पाचवा वाटा."

"बरोबर. एवढंच सांगायचं."

आई बाजूला केळीची सोपटं काढत असायची. ती म्हणाली, "तुजा बाप मला ठावा हाय, दत्तू, हितं बोलंल. थितं न्हाय बोलायचा." बा रागावला. "बोलंन. मला काय जीभ न्हाय?" त्याने तो शब्द कामात, चालताना, रेड्याला पाणी दाखवतानासुद्धा पुटपुटलेला मी ऐकला. कूळ. कूळ. परक्या भाषेतला शब्द पाठ करावा तसा.

चौकशी बोर्लीला होती. मामलेदारांचा मुक्काम होता त्या इमारतीच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं होतं. बाजूला तलाठी आणि कारकून. अंगणात आसपासच्या चार गावांतली माणसं बसलेली. बायका एका कडेला, त्यांत आई. अप्पांना डोलीतून आणलं होतं. ते म्हातारे आणि आजारी, म्हणून मामलेदारांनी त्यांना खुर्ची द्यायला लावली. बा टेबलासमोर उभा राहिला. मी त्याच्या मागे.

मामलेदार तरुण होते, शांतपणे बोलत होते. त्यांच्याकडून काही चुकलं असं मला कधीही वाटलं नाही. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, वाडीचा सर्व्हे नंबर वाचून दाखवला. आणि पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात अप्पांना खोकल्याची उबळ आली. ते खुर्चीत पुढे वाकले. बाने मागेपुढे पाहिलं नाही. तो टेबलापासून निघाला, अंगणातल्या माठातून तांब्या भरून आणला, अप्पांच्या तोंडाशी धरला, दुसऱ्या हाताने त्यांची पाठ चोळली. उबळ थांबेपर्यंत सगळे गप्प बसून पाहत होते. मग त्याने तांब्या जागेवर नेऊन ठेवला, हात धोतराला पुसले आणि परत टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही यांचे कोण?" मामलेदारांनी विचारलं.

"गडी," बा म्हणाला.

मी घाईने पुढे सरलो. मी म्हणालो, "साहेब, त्यांना म्हणायचंय..."

"तुम्ही कोण?"

"मुलगा."

"वाडीत काम करता?"

"नाही. मुंबईला असतो."

"मग यांनाच बोलू द्या," ते म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत. मग बाच्याकडे वळून सावकाश म्हणाले, "बाबा, नीट ऐका. गडी लिहिलं तर नोकर असा अर्थ होतो. वाडीवर तुमचा हक्क राहणार नाही. तुम्हाला पिकात वाटा मिळतो की मजुरी?"

बाने अप्पांकडे पाहिलं. अप्पा जमिनीकडे पाहत होते.

"अप्पा देत्यात ते घेतो."

"किती देतात?"

"देत्यात."

"ठरलेलं काही?"

"न्हाय, रावसाहेब. घरातलंच हाय."

मामलेदारांनी पेन खाली ठेवलं. तिसऱ्यांदा विचारलं, "विचार करून सांगा. गडी लिहू?"

"लिवा," बा म्हणाला.

कारकुनाने वाचून दाखवलं, शाईचा पॅड पुढे केला. बाचा अंगठा मी पाहिला. माती इतकी मुरलेली होती की ठसा नीट उठेना. दुसऱ्यांदा घ्यावा लागला. आईला कुणी पुढे बोलावलं नाही. पाटाचं पाणी तीस वर्षं फिरवलं तिने, पण नोटिशीत तिचं नाव नव्हतं, त्यामुळे तिला विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

डोलीत बसताना अप्पांनी बाचा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते. "लखू, मी आहे तोवर तुला तिथून कुणी हलवणार नाही." आणि त्यांनी तो शब्द पाळला. ते होते तोवर पाळला.

परतीच्या वाटेवर आई खूप पुढे निघून गेली, एकटीच. मी बाशी भांडलो. तीन दिवस शिकवलेला एक शब्द तुझ्या तोंडातून निघाला नाही, असं म्हटलं. तो चालत राहिला. मग म्हणाला, "निगाला न्हाय. त्वांडात आला व्हता, पन ते समोर बसलेलं. लानपनी म्या त्यांचा गडी, तवा आता कूळ कसा म्हनू?"

"तो गडी वेगळा आणि हा गडी वेगळा, बा."

"तुला शाळंनं शिकवलं आसंल. मला एकच ठावा हाय."

अपील करता आलं असतं. मुंबईला गेल्यावर हेडक्लार्कनी मसुदाही करून दिला. पण त्याला बाचाच अंगठा हवा होता, आणि बा म्हणाला की एकदा उठवलेला अंगठा खोटा करणार नाही. मी तो कागद गावी घेऊन गेलो होतो तसाच परत आणला. पुष्कळ दिवस तो माझ्या टेबलाच्या खणात होता. कायदा आमच्या बाजूचा होता, मामलेदार सरळ होते, अप्पा दुष्ट नव्हते, बा मूर्ख नव्हता. मला राग धरायला कुणी सापडेना.

दोन वर्षांनी अप्पा गेले. बाने दहा दिवस तोंडात मीठ घातलं नाही. त्यानंतर वर्षाच्या आतच अप्पांचा मुलगा पुण्याहून आला. तो तिकडे चांगल्या हुद्द्यावर होता. वाडी विकायची ठरली. मी बातमी ऐकून गेलो, तेव्हा तो मला म्हणाला, "दत्तू, मला वाईट वाटतं रे. पण मी पुण्यात बसून वाडी कशी बघू? घेणाऱ्याला जागा मोकळी हवी आहे. आणि तसं कागदावर लखू गडीच आहे ना? त्याने स्वतःच सांगितलंय." त्याने आईसाठी लुगडं आणि बासाठी धोतरजोडी आणली होती. शेवटी घर मोडताना झापं, वासे आणि चूल एवढंच निघालं. बा माझ्याबरोबर दिघीला निघाला नाही. मी बोट धरायला पुढे गेलो आणि तो पोफळींना पाणी लावून मागाहून आला. विकलेल्या पोफळींना.

मला तोवर परळला चाळीत खोली मिळाली होती. तिच्यात आम्ही तिघं. आई नळाच्या वेळा, रॉकेलची रांग, शेजारणींची बोली सगळं महिन्याभरात शिकली. बा गॅलरीत बसून राहायचा. शेजारी विचारायचे, गावाला तुमचं काय आहे? तो म्हणायचा, "वाडी हाय." मग माझ्याकडे पाहून, "व्हती."

काही महिन्यांनी तो सकाळी बाहेर पडू लागला. फिरायला जातो म्हणायचा. येताना पायांना ओली माती असायची. एका रविवारी मी त्याच्या मागे गेलो. दादरच्या बाजूला एका बंगल्याच्या बागेत तो पाणी घालत होता. आतून बाईंनी हाक मारली, "रामा, कुंड्यांनापण घाल हं." बाने मान हलवली आणि कुंड्यांकडे गेला.

मी फाटकातून आत जाऊन बाईंना सांगितलं की हे माझे वडील, यांचं नाव लक्ष्मण. त्या ओशाळल्या. "अहो, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गड्याला रामाच म्हणतात. मुलांना सोपं पडतं. तुमचे वडील आहेत हे मला माहीत नव्हतं." मुंबईत घरोघरी आमच्या कोकणातल्या माणसांना रामागडी म्हणतात, हे मी रोज ऐकत होतो. ते आपल्या घरात येईल असं कधी वाटलं नव्हतं.

बाला बाजूला नेऊन म्हणालो, "सोड हे. मी कमावतो ना? मला बरं वाटत नाही."

"म्हनू दे रामा. कुनाला त्रास हाय?" त्याने हातातली झारी खाली ठेवली नाही. "तुज्या खोलीत बसून काय करू? हितं झाडं हायत."

मी त्याला घरी आणू शकलो नाही. चार वर्षं तो तिथे जात होता. वारला तो तापात, आठवड्याभरात. बंगल्यातल्या बाई भेटायला आल्या. त्यांनी मला विचारलं, यांचं खरं नाव काय म्हणाला होतात तुम्ही?

मृत्यूचा दाखला काढायला मी म्युनिसिपालिटीच्या ऑफिसात गेलो तेव्हा आई हट्टाने बरोबर आली. खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग म्हणाला, "मयताचा धंदा?"

दहा वर्षं कायद्याचे कागद टाइप केले होते, यातला प्रत्येक शब्द मला इंग्रजीत आणि मराठीत लिहिता येत होता. गडी म्हणावं तर आई बाजूला उभी. कूळ म्हणावं तर ते सरकारदरबारी त्यानेच नाकारलेलं. माळी म्हणावं तर बंगला आठवायचा. मागे रांग खोळंबली होती.

आई पुढे झाली. खिडकीच्या गजाला हात धरून म्हणाली, "बागाईत. लिवा, बागाईतदार."

कारकुनाने मान वर केली नाही. लिहिलं. कागद मागितला नाही, साक्ष मागितली नाही, अंगठा मागितला नाही. "गाव?"

"दिवेआगर."

"वाडी आहे वाटतं तिकडे? नारळसुपारी?" तो सहज म्हणाला, शिक्का मारता मारता.

"हाय की," आई म्हणाली. "दर्याला लागून. पुळनीच्या अंगाला रहाट, मागं केळी. ह्यांच्या बापानं लावल्याली."

मी तिला थांबवलं नाही. आता मला कुणी गाव विचारलं की मी दिवेआगर सांगतो, आणि तिकडे तुमचं काय, असं पुढे विचारलं की गप्प बसतो. दाखला घडी करून मी खिशात ठेवला. आई मागच्या माणसाला पोफळी किती आणि माड किती ते सांगत होती. तिचं सांगून होईपर्यंत मी बाजूला उभा राहिलो.